हिरव्या चिंधीचं पोतं

“रंगनाथ, गाडी थांबीव.”

“आता कामून मावशी? आत्ताच तर फाट्यावर थांबलो की.”

“थांबीव म्हन्ते ना! ते बघ, सडकंच्या कडंनं चाललंय. आपल्या गावाकडं तोंड हाय त्याचं.”

“कुनाचं?”

“कुत्र्याचं.”

रंगनाथनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली. पाथरी-सेलू रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवण्यात त्याची अर्धी हयात गेली होती, आणि पुस महिन्यापासून सुलाबाईपुरती गाडी हळू करायची त्याला सवय लागली होती. मागं माणसं अशी कोंबलेली होती, की एकानं खोकलं तर दुसऱ्याचं पोट हलावं. त्यातला एकजण करवादला, “आरं, बाजार गाठायचाय का कुत्री मोजायचीत?”

“येऊ दे की मावशी त्याला आत,” दुसरा म्हणाला, “मह्या मांडीवर जागा हाय.”

“तुह्या मांडीवर बसाया त्याला काय घरदार न्हाई का?” सुलाबाई मागं न बघता म्हणाली आणि मुंडकं खिडकीबाहेर काढून बसली.

कुत्रं जवळ आलं. जीभ बाहेर, मान खाली, सरळ रेषेत दुडक्या चालीनं चाललेलं. अशी चाल घर ठाऊक असलेल्या कुत्र्याचीच असते. रंग मातकट, शेपटी वळलेली. सुलाबाईचा हात दाराच्या कडीवर गेला. मग कुत्र्यानं गाडीकडं तोंड वळवलं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “दोनी कान साबूत हायेत.”

“मंग काय करू? उतरून येक कान कापून आनू का?” रंगनाथनं गिअर टाकला. गाडीभर हसू फुटलं.

“तुहाच काप. तसं बी तुला मागच्याचा हार्न ऐकू येत न्हाई.”

रंगनाथ हसला. माणूस वाईट नव्हता. थोडं पुढं गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, वंगाळ वाटून घेऊ नको. पर यायचं असतं तर आजून आलं असतं. कुनीतरी पान्यापल्याड सोडलं असंल. नदी वलांडली की कुत्र्याचा वास तुटतो. मंग त्याला घर घावत न्हाई.”

“ते मांजराचं,” सुलाबाई म्हणाली. “मीच सोडलीत दोन मांजरं, पोत्यात घालून. जमादार मांजर न्हाई. त्यो चालत असंल. आज ना उद्या घावंल ह्याच सडकंवर.”

सुलाबाई बाभूळटाकळीची. पाथरी तालुक्यातलं गाव, सडकेपासून आत. सुकट-बोंबील विकणं हा तिचा धंदा, सासूनं हातात दिलेला. सासूनं दोन गोष्टी दिल्या, एक हा धंदा आणि दुसरा लिंबाजी. लिंबाजी मानवतला कापसाच्या गाठी उचलायचा. छातीत कळ येऊन एका दुपारी गाठीवरच बसला तो उठला नाही. धंदा राहिला. परभणीहून माल आणायचा आणि पाथरी, मानवत, सेलू, वालूर असे बाजार करायचे. ऊन असो की पाऊस, बाजार चुकवायचा नाही. बाजारात आपली जागा एकदा रिकामी दिसली की पुढच्या बाजाराला तिथं प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या असतात.

जागा म्हणजे तरी काय! कुठलाही बाजार घ्या, भाजीच्या पुढं, कापडाच्या पुढं, चपलांच्याही पुढं, जिथं नाली सुरू होते तिथं सुलाबाई. वारा बघून बसवतात तिला. गाडीतही तसंच. लसणाचं पोतं मांडीवर चालतं, सुकटीचं मात्र टपावर. “वास येतो,” म्हणतात. सुलाबाई म्हणते, “टपावर ठिवा का आभाळात ठिवा, ताटात पडल्यावर कुनी नाक धरत न्हाई.” आणि खोटं नाही ते. नाक धरून पुढं गेलेली कितीतरी माणसं बाजार उठताना पिशवीत पिशवी घालून परत येतात, इकडंतिकडं बघत म्हणतात, “द्या येक माप. पाव्हन्यायसाठी पायजे.”

टपावर साऱ्या बाजारकऱ्यांची पोती एकात एक मिसळतात, म्हणून ज्याची त्याची खूण असते. कुणी बिब्ब्याचा ठिपका देतो, कुणी तोंड लाल दोऱ्यानं शिवतो. सुलाबाईची खूण हिरवी चिंधी. सासूचं एक हिरवं लुगडं होतं, त्याच्या पट्ट्या काढून ठेवलेल्या. नवं पोतं घरात आलं की दाभणानं कोपऱ्याला पट्टी शिवायची, दुहेरी गाठ मारायची. अंधारात हात लावला तरी आपलं पोतं कळलं पाहिजे.

ह्या पोत्यांवर टपावर बसून जमादार बाजाराला यायचा.

तो तिला सेलूच्या बाजारात भेटला. तिनं काही पाळायला आणला नाही, चोरी करायला आला होता. मरतुकडं पिल्लू, डावा कान घुशीनं खाल्लेला, अर्धाच. बोंबील तोंडात धरून पळालं, सुलाबाईनं माप फेकून हाणलं, माप बरोबर बरगडीत बसलं. तरी बोंबील सोडला नाही. खाऊन परत आलं आणि तिच्यासमोर बसलं. दुसरी कुत्री जवळ आली की अंगावर जायचं. माल आपलाच आहे, दुसऱ्यानं का खावा, असा सरळ हिशेब. सुलाबाईला हसू आलं. “चोरालाच चौकीवर बसीवलं,” ती सगळ्यांना सांगायची. निजामाच्या टायमाला सासूच्या गावात एक जमादार होता म्हणे, सगळ्यांना धरायचा आणि स्वतः हप्ता खायचा. त्याचंच नाव ठेवलं. ह्या जमादाराचा हप्ता म्हणजे बाजार उठताना एक बोंबलाचं मुंडकं. त्यावर जास्त त्यानं कधी मागितलं नाही. हे मात्र सासूच्या गावच्या जमादाराबद्दल सांगता येत नाही.

त्याच्या कामाची एक रीत होती. एक पोतं रिकामं झालं की सुलाबाई ते बाजूला अंथरायची. त्यावर तराजू, गल्ल्याची पिशवी ठेवायची आणि म्हणायची, “बस.” जमादार पोत्यावर बसायचा. मग कुणाच्या बापाला त्या पोत्याला हात लावायची छाती नव्हती. परत आली की ती चिंधीचा कोपरा धरून वर उचलायची. कोपरा उचलला की ड्यूटी सुटली. नुसती हाक मारून तो उठत नसे. कोपरा उचलायलाच लागायचा. एकदा पाथरीच्या बाजारात वळवाचा पाऊस आला, गारा पडायला लागल्या. सारा बाजार पळाला, सुलाबाई माल डोक्यावर घेऊन पत्र्याखाली पळाली आणि गडबडीत कोपरा उचलायचा विसरली. गारा थांबल्यावर येऊन बघते तर हा बसलेलाच. डोळे मिटलेले, अंगावर गारांचा सडा, खाली रिकामं पोतं. हे ती पुढं दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, वरातीत पोराचं कौतुक सांगावं तसं.

आता कुणी म्हणेल, कुत्र्याचं एवढं काय. पण बाईमाणसानं बाजारात अख्खा दिवस बसायचं म्हणजे काय, हे बाजार भरवणाऱ्यांना कधी कळलं नाही. गडीमाणूस कुठल्याही भिंतीकडं तोंड करतो. बाईला गावाबाहेरची बाभळ गाठावी लागते, आणि बाभळीपर्यंत जाऊन येईतो माल कुणाच्या भरवशावर सोडायचा? वालूरला तिच्या शेजारी बायनाबाई मिरचीवाली बसायची. गोड बोलायची. पण तिच्या भरवशावर सुकट सोडली की ढीग बसका व्हायचा. म्हणून सुलाबाईला जमादार म्हणजे कुत्रं नव्हतं, तांब्याभर पाणी होतं. तो होता तेव्हा ती बाजारात पोटभर पाणी प्यायची. तो गेल्यापासून घरून बाटली भरून आणायची आणि तशीच भरलेली परत न्यायची. ओठ ओले करायची, बस. चैत सरत आला होता, ऊन टाळूत खिळा ठोकावा तसं लागत होतं, आणि महिनाभरापासून लघवीला आग होत होती. डॉक्टरीनबाईनं सांगितलं, पाणी भरपूर प्या. सुलाबाई म्हणाली, “तुमी मह्या मालापाशी बसता का?”

तो गेला कसा, हे तिला ठाऊक नव्हतं. का गेला असावा, ते मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गावात दत्तराव म्हणून मोठे शेतकरी. सुलाबाईचा पोरगा नागसेन त्यांचा ट्रॅक्टर चालवतो. दत्तरावांच्या हरिओमनं पुण्याहून एक कुत्री आणली होती, कुठल्यातरी इंग्रजी जातीची. केसाळ, डब्यातलं खाणं खाणारी, लोखंडी जाळीत राहणारी. तिला बघायला चार गावची माणसं यायची. तिच्या जोडीचा कुत्रा नांदेडला ठरलाही होता. अश्विनात एका रात्री ती बाई जाळी खालून उकरून बाहेर आली, भिंत ओलांडली, वरची आळी उतरली आणि सुलाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. पुढं जे व्हायचं ते झालं. मार्गशीर्षात पिल्लं झाली. सगळी मातकट, सगळ्यांच्या शेपट्या वळलेल्या.

दत्तरावांनी ते एक वेळ गिळलं असतं. पण पारावर कुणीतरी बोललं, “मालकाचे व्याही आता सुकटवालीच्या दारात हायेत.” सारा पार हसला. हसू वरच्या आळीला पोचायला किती वेळ लागतो!

दुसऱ्या दिवशी दत्तराव वस्तीवर आले. अंगणात आले नाहीत, सडकेवरच उभे राहिले. नागसेनला बाहेर बोलावलं. “नागसेन, कुत्र्यानं कुत्र्याच्या पायरीनं ऱ्हावं. आपली वस्ती सोडून वर यायचं काम काय त्याला? त्याचा बंदोबस्त कर.”

नागसेन खाली बघत उभा होता. सुलाबाई दारातून म्हणाली, “मालक, भिंत वलांडून तुमची आल्ती. महा जमादार दिसभर बाजार करून झोपला व्हता.”

“आई, गप!” नागसेन ओरडला.

दत्तरावांनी सुलाबाईकडं बघितलंही नाही. नागसेनलाच म्हणाले, “तुह्यानं होत न्हाई तर सांग. मी करतो. पर मी करायला लागलो तर निस्त्या कुत्र्यावर भागत नसतं, हे तुला सांगायला नगं.” आणि गेले.

त्यानंतर पुसातला एक मानवतचा बाजार. पहाटे सुलाबाई निघाली तर नागसेन म्हणाला, “आज ऱ्हाऊ दे त्याला, पाय लंगडायलाय.” तिला काही लंगडताना दिसलं नव्हतं. पण गाडीची वेळ झाली होती, ती एकटीच गेली. सांजच्याला घरी आली तर जमादार नाही. “गेलं असंल हिंडत,” नागसेन म्हणाला. “येईल.” त्याच दिवशी घरातलं एक पोतंही दिसेना. “उंदरानं कुरतडलं व्हतं, उकिरड्यावर गेलं असंल,” सून म्हणाली. पोत्याचं एवढं काय, म्हणून सुलाबाईनं ते डोक्यातून काढलं.

तेव्हापासून ती गाडीच्या खिडकीला डोळे लावून बसायची. तेवढ्या महिन्यांत तिनं जिल्ह्यातली जितकी कुत्री बघितली, तितकी जनावरांच्या डॉक्टरनंही बघितली नसतील. पाथरीच्या स्टँडवरची कुत्री पोटं वर करून लोळतात. यात्रेकरूंचे पेढे खाऊन त्यांना वारंही सोसत नाही. धाब्यावरची लठ्ठ आणि उर्मट, ट्रकवाल्याशिवाय कुणाला शेपूट हलवत नाहीत. खाटकाच्या दुकानापुढची कायम भांडणात, एकाचंही अंग धड नाही. परभणीत ऑटोच्या सावलीला कुत्रं झोपलेलं असतं आणि ऑटो सुरू झाला की डोळे न उघडता दुसऱ्या ऑटोखाली जातं. ह्या सगळ्यांवरून तिची नजर घसरून जायची. बसलेल्या, लोळलेल्या कुत्र्याकडं ती ढुंकून बघायची नाही. जमादार चालत असणार, घराकडं तोंड करून. म्हणून ती फक्त चालणारी कुत्री बघायची.

घरी नागसेन पुसापासून सुकटीच्या कालवणाला हात लावत नव्हता. पोट बिघडतं म्हणायचा. तेही तिला कळायला पाहिजे होतं. पण आपल्या पोराच्या पोटात काय आहे, हे आईला सगळ्यात शेवटी कळतं.

वालूरला गाडी थांबली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. रंगनाथनं टपावरून पोती उतरवून दिली. बायनाबाई आधीच मिरच्या मांडून बसली होती.

“आलीस का माय? घावलं का तुहं कुत्रं?”

“तुहं तोंड बघितलं की कसं घावंल?”

“आगं, त्या कुत्र्यापायी येवढा जीव जाळलास. तेवढा तर लिंबाजीपायी न्हाई जाळलास.”

“लिंबाजीनं कधी मह्या मालाची राखन केली न्हाई,” सुलाबाई म्हणाली आणि मांडामांड केली. बोंबील एका बाजूला, झिंगे मधे, सुकटीचा ढीग पुढं. नालीवरून माशा उठल्या. दोन बाजारकुत्री वास घेत आली, ती तिनं खडा मारून हाकलली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा हाकलली. दिवसभर हेच काम. पूर्वी ह्याला पगारी माणूस होता.

नालीच्या पलीकडं आज एक नवा माणूस बसला होता. टरबुजं घेऊन आलेला. बाहेरगावचा असणार, नाहीतर टरबुजाला नालीची जागा कोण देतो? फळं तापू नयेत म्हणून त्यानं ढिगावर ओली पोती टाकली होती आणि अधूनमधून त्यांवर पाणी शिंपडत होता. सुलाबाईला तहान लागली होती म्हणून ती त्या पाण्याकडं बघत होती. पाण्यावरून नजर पोत्यावर गेली. कोपऱ्याला काहीतरी हिरवं होतं.

ती उठली. “बायनाबाई, बघ गं जरा,” एवढंच म्हणाली. बायनाबाईला आश्चर्य वाटलं.

नाली ओलांडून ती टरबुजांपाशी गेली आणि पोत्याचा कोपरा हातात घेतला. चिंधी विटली होती, धुऊन धुऊन पांढरट झालेली. पण टाका दाभणाचा होता आणि गाठ दुहेरी होती.

“टरबूज बघा मावशी, पोत्याचं काय बघता,” तो माणूस म्हणाला. बोलका होता. नाव आश्रुबा, गोदावरीच्या काठचा. पुलाच्या पलीकडं नदीच्या वाळूत त्याची टरबुजाची वाडी.

“पोतंच बघायलेय. कुठून आनलं?”

“ह्याची लय मोठी कहानी हाय,” आश्रुबा खूश झाला. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं, ऐकायला तरी कुणी आलं. “बसा. ह्या पोत्यावर आमच्याकडं येक येडं कुत्रं बसत व्हतं.”

सुलाबाई बसली नाही.

“पुसातली गोष्ट. थंडी कशी पडल्ती, ठावं हाय ना? मी आगटीपाशी बसलो व्हतो, तर उसाचं ट्रॅक्टर कारखान्याकडं चाललेलं पुलाच्या अल्याड थांबलं. म्हंजी आमच्या बाजूला. पोरगं खाली उतरलं. पोतं काढलं, पोत्यातून कुत्रं काढलं. मला वाटलं, आता दगड मारून हाकलतंय. तर न्हाई! पोतं झटाकलं, बाभळीखाली नीट हातरलं. कुत्र्याला त्याच्यावर बसीवलं. म्हनलं, ‘बस.’ डोक्यावरून हात फिरीवला आन गेलं.”

“आन कुत्रं?”

“कुत्रं बसलं.”

“मंग?”

“मंग काय, बसलंच की! तीच तर कहानी हाय. आमी सोडलेली कुत्री लय बघितली मावशी, पूल हाय म्हनल्यावर तालुक्याची कुत्री आमच्याकडंच येतेत. येक दिस केकाटतेत, मंग मिसळून जातेत. हे न्हाई मिसळलं. पोत्यावरनं उठायचं न्हाई. कडंला जायचं, हगून-मुतून लगी माघारी. गावच्या कुत्र्यायनी पोतं वडायला बघितलं, तर चौघांला फाडलं त्यानं येकट्यानं. येका कानाचं व्हतं, पर लय खत्रूड.”

“कंचा कान?”

आश्रुबानं आठवून स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. “हा. अर्धाच.” मग पुढं सांगायला लागला, “आन गंमत आशी, त्ये पोरगं येता-जाता दिसायचं. ट्रॅक्टर थांबवायचं न्हाई. चालत्या ट्रॅक्टरमधून भाकर फेकायचं. ट्रॅक्टर दिसलं की कुत्रं उभं ऱ्हायचं पोत्यावर, शेपूट हालवायचं. ट्रॅक्टर पुलावर चढलं की पुन्यांदा बसायचं. भाकर पोत्यावर पडली तर खायचं. लांब पडली तर बाकीची कुत्री खायची, हे बघत बसायचं. मी म्हनलं, आरं भल्या मान्सा, पूल समोर हाय, उठ की! पाय हायेत ना! कुनी बांधलंय का तुला?”

सुलाबाईच्या हातात अजून कोपरा होता.

“मंग थंडीची लाट आली,” आश्रुबा म्हणाला. “येक दिस सकाळी उठलंच न्हाई. मी भेत भेतच कोपरा धरून पोतं वडलं, म्हनलं चावतंय का काय. लाकडावानी झालतं. गोदावरीत सोडून देलं. पोतं चांगलं व्हतं, वाया कशाला घालायचं? चार डाव धुतलं नदीत, पर वास काय जाईना. मासळीचं व्हतं वाटतं.”

“सुकटीचं,” सुलाबाई म्हणाली.

आश्रुबानं तिच्याकडं बघितलं, मग नालीपलीकडच्या तिच्या ढिगाकडं बघितलं. टरबुजावर ठेवलेला हात त्यानं काढून घेतला. “तुमचं व्हतं का मावशी?”

“पोतं महं हाय. दे.”

“न्या की. पर...” तो अडखळला. “टरबुजं तापतेत ओ. पोत्याला पोतं द्या येखादं.”

सुलाबाई नाली ओलांडून आली, एक रिकामं पोतं घेऊन गेली, त्याच्या अंगावर टाकलं आणि आपलं घेऊन आली. ओलं पोतं जड होतं. बायनाबाईनं विचारलं, “काय गं, काय झालं?” सुलाबाईनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि नागसेनला लावला.

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. “हां आई. बोल.”

“हिरव्या चिंधीचं पोतं घावलं.”

ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला. मग नागसेन म्हणाला, “मालकानी रोज इचारलं आई. रोज. मी काय करू?”

“ते मला ठावं हाय. पोतं कामून ठिवलंस?”

“थंडी लय व्हती. उघड्या भुईवर टाकून यावं वाटलं न्हाई. टपावर बसीवताना तू म्हनतीस तसं ‘बस’ म्हनलं. मला वाटलं, भूक लागल्यावर उठंल, चालत यीन घरी. आलं आसतं तर मी पुन्यांदा सोडलं नसतं, तुही शपत. पर ते उठंचना. रोज बघायचो. मह्यावर रुसलंय वाटायचं.”

“कोपरा उचलायचा व्हतास.”

“कंचा कोपरा?”

नागसेन कधी बाजाराला आलाच नव्हता. वासाच्या धंद्यात पोरानं पडू नये, म्हणून तिनंच त्याला कधी बाजारात येऊ दिलं नव्हतं. ट्रॅक्टर शीक, म्हणाली होती. मोठ्या माणसाच्या हाताखाली ऱ्हा.

“कंचा कोपरा आई? हॅलो?”

तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला.

बायनाबाईचा हात सुकटीच्या ढिगात होता. तो तिनं हळूच काढून घेतला. ढीग थोडा बसका झाला होता. एक बाजारकुत्रं तेवढ्यात बोंबलापर्यंत पोचलं होतं. सुलाबाईनं माप उचलून फेकलं. नेम चुकला नाही. कुत्रं केकाटत चपलांच्या दुकानाखाली शिरलं आणि तिथून तोंड काढून बघत बसलं.

“बघतो काय!” ती त्याला म्हणाली. “चल, ऊठ. हाड!”

माप नालीच्या कडेला पडलं होतं. तिनं जाऊन आणलं, पदरानं पुसलं. ओलं पोतं उन्हात झटकलं, वाळल्यावर अंथरलं. परभणीहून आणलेलं नवं बाचकं उघडून त्यातली सुकट त्यावर ओतली आणि हातानं ढीग सारखा केला. घसा कोरडा पडला होता. पाण्याची बाटली समोर दिसत होती, ती तिनं पोत्यामागं सरकवली.

“सुकट कशी देली ओ मावशी?” डोक्यावर टोपी घातलेला एक म्हातारा नाकाला दस्ती लावून उभा होता.

“आगुदर नाकावरची दस्ती काढ,” सुलाबाई म्हणाली, “मंग भाव सांगते.” आणि माप ढिगात खुपसलं.